मुंबईत खरेदी करायची तर गल्ली ठरवून निघा

पितळेचं पातेलं कुठे चांगलं मिळेल, असं एखाद्या जुन्या मुंबईकराला विचारलं तर तो दुकानाचं नाव सांगत नाही. ‘तांबाकाट्याला जा,’ एवढंच म्हणतो. दिव्यांच्या माळा हव्या असतील तर लोहार चाळ, सोनं घ्यायचं तर झवेरी बाजार, कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा तर लॅमिंग्टन रोड, वर्षाचा मसाला करायचा तर लालबाग. पुढे तुमचं तुम्ही बघायचं. नवख्या माणसाला हे उत्तर अर्धवट वाटतं. पण या शहरात खरेदी करायची खरी रीत त्यातच आहे. एकाच मालाची वीस-पंचवीस दुकानं शेजारीशेजारी असली की तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत भाव काय चाललाय, हलका माल कुठला, भारी कुठला, हे तुम्हाला कळू लागतं. ही माहिती मॉलमध्ये मिळत नाही आणि मोबाईलवर फोटो बघूनही मिळत नाही. एकट्या दुकानात दुकानदार सांगेल तो भाव. गल्लीत मात्र त्याच्या शेजाऱ्याचं भान त्यालाही ठेवावं लागतं.

या गल्ल्या अशा का जमल्या, ते थोडं माहीत असलं की वाट सापडायला सोपं जातं. १८०३मध्ये कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, मोठी आग लागली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर उत्तरेला सरकत गेली. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी हा भाग तेव्हापासून दाट होत गेला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा खेळू लागला आणि त्याच दशकात कोटाच्या भिंतीही पाडल्या गेल्या. भाटिया, बोहरी, मेमन, जैन, सोनार, कासार अशा एकेका समाजाने एकेक गल्ली धरली. धंदा आणि घर एकाच इमारतीत, नातलग शेजारच्या पेढीवर, त्यामुळे माल, उधारी आणि बातमी एकाच गल्लीत फिरत राहिली. मात्र गल्लीच्या नावावर सगळा भरवसा टाकू नका. लोहार चाळीत आज लोखंडापेक्षा विजेचं सामान आणि दिवे जास्त दिसतात.

आता निघण्याआधीची तयारी. एका खेपेला एकच भाग घ्या. ‘सकाळी दादर, दुपारी काळबादेवी, संध्याकाळी लिंकिंग रोड’ असा बेत कागदावर छान दिसतो, पण त्यात निम्मा दिवस लोकलमध्ये जातो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत बघण्याची नजर आणि घासाघीस करण्याचा धीर दोन्ही संपलेलं असतं. यादी करताना वस्तूपुढे वस्तू लिहू नका. एकेका गल्लीचं नाव लिहून तिच्याखाली वस्तू लिहा. मापं घरूनच घेऊन निघा. पडद्याची उंची, ब्लाऊजपीसशी जुळवायच्या साडीचा काठ, बदलायच्या नळाचा जुना तुकडा, जे असेल ते सोबत हवं. ‘साधारण एवढं’ असं हातवारे करून सांगितलेलं माप घाऊक बाजारात महागात पडतं, कारण तिथला माल परत घेतला जाईलच असं नाही.

कुठल्या दिवशी जायचं हे ठरवणं तर दुकान निवडण्याइतकंच महत्त्वाचं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा सगळा घाऊक पट्टा, म्हणजे मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, लोहार चाळ, अब्दुल रहमान स्ट्रीट, हा रविवारी बहुतेक बंद असतो. लॅमिंग्टन रोडचंही तेच. नोकरदार माणूस नेमका रविवारी मोकळा असतो, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं. दादरची बरीच जुनी दुकानं सोमवारी बंद असतात. चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. दुकानांची शटर्स अकराच्या सुमारास वर जातात आणि पहिला तासभर झाडलोट, अगरबत्ती, माल लावणं यात जातो. साडेअकरा-बारापासून दोनपर्यंतचा वेळ उत्तम. संध्याकाळी पाचनंतर गर्दीत उभं राहणंही कठीण होतं. शनिवार आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे टाळता आले तर टाळाच.

दक्षिण मुंबईच्या या बाजाराला पोचायला आता वाटा वाढल्या आहेत. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत यावं, नाहीतर मशीद स्थानकाला उतरावं. पश्चिम रेल्वेवाल्यांना काळबादेवीसाठी मरीन लाइन्स, भुलेश्वर-गिरगावसाठी चर्नी रोड. ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि तिची काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ही स्थानकं थेट बाजाराच्या पोटात आहेत. जड पिशव्या घेऊन परतताना ज्येष्ठांना याचा फार उपयोग होतो. स्वतःची गाडी मात्र आणू नका. या गल्ल्यांमध्ये हातगाडीला वाट मिळताना मारामार असते.

पहिल्यांदा जात असाल तर सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून करा. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९मध्ये बांधून झालेल्या या इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही पुढे त्यांनीच आखलं. प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची जी शिल्पपट्टी आहे ती लॉकवुड किपलिंग यांची. आत शिरण्याआधी अर्धा मिनिट थांबून मान वर करून ती बघा, रोज हजारो माणसं तिच्याखालून न बघता जातात. भाजी-फळांचा मोठा घाऊक व्यापार १९९६मध्ये वाशीच्या बाजार समितीत गेला. तरी फळं, सुकामेवा, परदेशी खाऊ, केकचे साचे आणि त्याचं सगळं साहित्य यासाठी ही मंडई अजून चांगली आहे. फळ घेताना वरच्या रांगेतलं बघून भाव ठरवू नका, खालच्या थरातलं एक काढायला सांगा. डोक्यावर पाटी घेऊन सामान वाहणारे पाटीवाले इथे भेटतील. त्यांची मजुरी आधी ठरवा आणि ठरल्याप्रमाणे पूर्ण द्या. मंडईत पिंजऱ्यातले पक्षी-प्राणी विकायची जागाही आहे. मुलं तिकडे ओढतात, पण आपल्याकडचा देशी पोपट विकणं आणि विकत घेऊन पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एवढं एक मुलांना तिथेच सांगावं.

रस्ता ओलांडला की मंगलदास मार्केट. छपराखालचं हे कापडाचं गाव म्हणजे बोळांची जाळी आहे. सुती छापील कापड, अस्तर, लेस, ब्लाऊजपीस, ड्रेस मटेरियल यांची दुकानं दाटीने लागतात. पहिली फेरी पिशवी न उघडता मारा. आवडलेल्या दुकानाचा गाळा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण पुन्हा तिथे पोचणं अवघड असतं. कापडाचा भाव ऐकताना लगेच पन्हा विचारा. कमी पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त वाटतं आणि शिवायला जास्त लागतं, म्हणून हिशेब उलटा पडतो. रंग पक्का आहे का ते बघायला रुमालाचं टोक ओलं करून कापडाच्या उलट्या बाजूवर घासा. सुती म्हणून दाखवलेलं कापड मुठीत चुरगळून सोडा. अजिबात घडी न पडता ते सरळ झालं तर त्यात कृत्रिम धागा आहे असं समजा. दुकानदार यात काही वावगं मानत नाहीत. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे असं दिसलं की फळीवरचा मागचा ताका खाली येतो.

इथून पुढे घाऊक आणि किरकोळ यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. मुळजी जेठा मार्केटच्या पेढ्यांवर व्यापारी व्यापाऱ्याशी बोलतो, एका कुर्त्याचं कापड मागणाऱ्याला तिथे वेळ मिळणार नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्या, पेनं, खेळणी, भेटवस्तू डझनाने जातात. भुलेश्वरला खोटे दागिने, बांगड्या, पूजेचं साहित्य अशाच मापाने. आत शिरताच ‘सुटं मिळेल का?’ असं विचारा. नाही म्हटलं तर रागावू नका, पुढच्या दुकानात जा. मिळत असेल तर ‘एकाचा काय आणि सहाचा काय?’ असे दोन्ही भाव विचारा. बारशाला, हळदीकुंकवाला, मुंजीला वाण किंवा भेटवस्तू लागणार असतील तर दोन-तीन मैत्रिणींनी मिळून जावं आणि डझन वाटून घ्यावं, यात खरा फायदा आहे.

घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, याचंही तारतम्य हवं. पदपथावर करा, भुलेश्वरला करा, कापडात थोडी करा. ‘एकच भाव’ असं लिहिलेल्या दुकानात करू नका, वेळ जातो. निम्म्या किमतीपासून सुरू करा असा सरधोपट सल्ला लोक देतात, तो मला पटत नाही. आधी तीन दुकानांत भाव विचारलेला असेल तर तुमच्याकडे खरा आकडा असतो, आणि ‘पलीकडे इतक्याला सांगताहेत’ हे शांतपणे सांगितलेलं वाक्य आरडाओरड्यापेक्षा जास्त काम करतं. भाव ठरल्यावर मात्र माघार घेऊ नये. इथे ठरलेल्या शब्दाला अजून किंमत आहे.

झवेरी बाजारात घासाघीस वेगळ्या जागी होते. सोन्याचा दिवसाचा दर सगळ्यांना माहीत असतो, तो कमी होत नाही. कमी-जास्त होते ती घडणावळ. म्हणून दोन-तीन पेढ्यांवर एकाच वजनाच्या, एकाच घडणीच्या दागिन्याची घडणावळ विचारा आणि ती टक्क्यांत आहे की ग्रॅममागे रुपयांत, हे नीट ऐका. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असणं सक्तीचं आहे. दुकानातल्या भिंगातून तो स्वतः वाचा आणि ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तिथेच तपासा. दागिना कुठला, शुद्धता किती, हे पडद्यावर दिसतं. २२ कॅरेटला ९१६ हा आकडा कोरलेला असतो. खडे किंवा मीनाकाम असेल तर त्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वेगळं काढून लिहायला लावा. बिलावर निव्वळ वजन, दर, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी सुटेसुटे दिसले पाहिजेत. जुनं सोनं मोडायचं असेल तर ते वितळवताना समोर उभे राहा. हे मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, चांगला सराफ स्वतःहून बोलावतो.

सोनं घेतल्यावर पुढे बाजारात रेंगाळू नये, थेट घरी यावं. पण नुसतं भाव विचारायला गेला असाल तर शेजारीच मुंबादेवीचं देऊळ आहे. या शहराला जिच्यावरून नाव मिळालं, तिच्या दारात फुलवाले आणि सराफ एकमेकांना खेटून बसलेले आहेत. तिथून पायधुणीच्या अंगाला गेलं की तांबाकाटा, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण तांब्या-पितळेची भांडी घरात पुन्हा येऊ लागली आहेत आणि ती घेण्याची रीत मात्र पुष्कळांच्या घरातून गेली आहे.

तांब्या-पितळेचं भांडं नगावर घ्यायचं नसतं, वजनावर घ्यायचं असतं. दुकानात शिरल्यावर आधी पितळेचा किलोचा भाव विचारा, मग तांब्याचा. भांडं तराजूवर ठेवायला सांगा. काट्याचा आकडा आणि सांगितलेली किंमत जुळली नाही तर मधली रक्कम मजुरीची आहे. ती किती, हे विचारा. ठोक्याच्या भांड्याची मजुरी जास्त असते आणि ती रास्त आहे, कारण त्यात कासाराचा हात लागलेला असतो. पण यंत्रावर काढलेल्या भांड्यावर नंतर शोभेचे ठोके मारूनही विकतात. ओळखायचं असेल तर आतून हात फिरवा. खऱ्या ठोक्याच्या भांड्यात खळगे एकसारखे नसतात आणि बुडाकडे पत्रा जाड लागतो. काठ दोन बोटांत धरून सगळीकडून चाचपा. कुठे पातळ, कुठे जाड लागला तर भांडं चुलीवर लवकर वाकतं. बुडाला नखाने टिचकी मारा. नाद लांबपर्यंत टिकला पाहिजे, भद्द आवाज आला तर कुठेतरी डाग दिलेला किंवा चीर असण्याचा संभव. मग भांडं उजेडासमोर धरून सांध्यांतून प्रकाश दिसतो का ते बघा. शंका उरली तर पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेवायला सांगा. पितळेच्या पातेल्यात आमटी, सार, चिंचेचं काही करायचं असेल तर आतून कल्हई हवीच. ती इथेच करून मागा आणि घरी नेल्यावर आत कधी तारेची घासणी लावू नका. आजीच्या वेळची फुटकी भांडी माळ्यावर पडली असतील तर तीही घेऊन जा. मोडीच्या भावाने ती वळती करून घेतात आणि नव्या भांड्याचा भार हलका होतो. एखादं जुनं भांडं नुसतं काळवंडलेलं असेल, फुटलेलं नसेल, तर ते मात्र मोडीत देऊ नका. कल्हई करून वापरा, तसा जाड पत्रा आता सहज मिळत नाही.

चोर बाजार हा भेंडी बाजाराजवळचा, मटण स्ट्रीटच्या आसपासचा. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाता येतं. इथे एकच सांगतो. ‘अँटिक’ या शब्दाचे पैसे देऊ नका. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन, जहाजावरची होकायंत्रं, जुन्या सिनेमांची पोस्टरं यांतला बराच माल नव्याने बनवलेला किंवा सुट्या भागांतून जोडलेला असतो. वस्तू आवडली, घरात शोभेल असं वाटलं, तर त्या सुखाची किंमत मनात ठरवा आणि तेवढीच द्या.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, याला फार शब्द लागत नाहीत. खोक्याची सील बघा, वस्तू दुकानातच लावून चालवून घ्या, वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची हे बिलावर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात आणि वस्तू बिघडली की दाद मागायला हातात काहीच राहत नाही. पक्कं बिल घ्यायचं, हा नियम विजेच्या प्रत्येक वस्तूला लावा.

दादरला आलात की सगळं ओळखीचं वाटू लागतं. रानडे रोड, छबिलदासची गल्ली, स्थानकाबाहेरची भाजी, मराठी पुस्तकांची दुकानं, पूजेचं सामान, आणि मध्ये कुठेतरी साबुदाणावडा-पियूष. मीनाताई ठाकरे फूल मंडई पश्चिमेला स्थानकाजवळच आहे. घरी गणपती असेल किंवा साखरपुडा असेल तर पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी या, तेव्हा टोपल्या नुकत्याच उघडलेल्या असतात. झेंडू किलोवर, गुलाब जुडीवर, वेणी-गजरे नगावर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव तासातासाला बदलतो, म्हणून शक्य असेल तर त्याच्याही एक दिवस आधी घेऊन ओल्या फडक्यात ठेवावा.

पावसाळ्याच्या तोंडाशी दादरला एकदा तरी जाच. पालघर-वसईच्या बाजूने आदिवासी बायका रानभाज्या घेऊन येतात. शेवळं, टाकळा, कोरळ, भारंगी, पुढे कंटोळी. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं मागून घ्या. त्यांच्या आंबटाशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजतो. करायची कशी, हे विकणाऱ्या बाईलाच विचारा. ती सगळी कृती सांगते, कुठला भाग टाकायचा तेही दाखवते. या भाज्या कुणी पेरलेल्या नसतात. भल्या पहाटे रान तुडवून, पहिली लोकल धरून त्या इथवर आलेल्या असतात. पाच-दहा रुपयांसाठी तिथे घासाघीस करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

लग्नाच्या बस्त्याला दादर पूर्वेचं हिंदमाता अजूनही पुष्कळ घरांची पहिली पसंती आहे. मानपानाच्या साड्यांची यादी घरीच तीन गटांत लिहून न्या. जवळच्यांच्या, लांबच्यांच्या आणि ऐनवेळी लागतील म्हणून जादा. नवरीची साडी या यादीत घालू नका, तिच्यासाठी वेगळा दिवस काढा. सगळं एका दिवशी उरकायला गेलं की तिच्या साडीच्या वेळेला सगळे दमलेले असतात आणि शेवटी कुणाचं तरी ‘हीच घे’ चालतं. सोबत चारपेक्षा जास्त माणसं नेऊ नका. साडी दिव्याखाली पसंत करू नका, दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन रंग बघा. आणि जून ते सप्टेंबर या काळात जाणार असाल तर त्या दिवशीची भरतीची वेळ आणि पावसाचा अंदाज दोन्ही बघा. हिंदमाताला पाणी भरणं मुंबईला नवं नाही.

आता लालबाग. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून माणसं आली आणि आपापल्या घरची चव घेऊन आली. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, पण मिरची गल्ली टिकली. तिथे अजून मालवणी मसाला आणि घाटी मसाला एकाच फळीवरच्या जिनसांतून बनतात. चिंचपोकळी किंवा करी रोड स्थानकावरून चालत जाता येतं. हंगाम मार्च ते मे. मेमध्ये रांगा लागतात, म्हणून मार्चअखेरीला आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी जा.

मिरची निवडताना एकाच जातीवर जाऊ नका. ब्याडगी सुरकुतलेली, तिखटाला बेताची, रंगाला उत्तम. काश्मिरीही रंगासाठी. तिखटपणा हवा तर लवंगी. संकेश्वरीचा झणका वेगळा. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर ब्याडगीचं प्रमाण वाढवा. मिरची हातात घेऊन कानाशी हलवा. आत बिया खुळखुळल्या तर ती नीट वाळलेली आहे. दमट मिरची वजनाला जास्त भरते आणि पुढे बुरशी धरते. एक मिरची मोडून आत बघा. बी पिवळं हवं, काळपट नको. सालीवर पांढुरके डाग असतील तर ते पोतं सोडा. मग गरम मसाल्याकडे वळा. धणे, बडीशेप, खसखस, शहाजिरं, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल, तमालपत्र, मसाला वेलची, लवंग, दालचिनी, हळकुंड. तुम्ही कुठल्या गावचे हे सांगितलं की दुकानदार प्रमाण स्वतःच काढून देतो. तरीही आईचं किंवा सासूचं प्रमाण लिहिलेलं असेल तर तेच न्या, त्याला पर्याय नाही.

काही दुकानांत भाजून देण्याची सोय असते. वेळ असेल तर मिरची घरी नेऊन गच्चीवर दोन उन्हं दाखवा, देठं खुडा आणि मगच कांडपाला आणा. डंकीवर देताना तिथून हलू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा काय मसाला होता हे विचारा, उखळ पुसून घ्यायला सांगा आणि आपला मसाला आपल्यासमोर कुटून घ्या. नाकातोंडावर सुती ओढणी बांधा, दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी या गल्लीत येऊच नये. कुटलेला मसाला गरम असतो. घरी आल्यावर पसरून पूर्ण निववा, मग काचेच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा. जाताजाता जवळच्या चिवडा गल्लीतून चिवडा घ्यायला हरकत नाही.

काही गोष्टी सगळ्याच बाजारांना लागू आहेत. बायकांसाठी स्वच्छतागृहाची अडचण या भागांत मोठी आहे आणि ती बोलली जात नाही. रेल्वे स्थानकावर उतरल्या उतरल्या सोय करून घ्या आणि दुपारी जेवायला बसण्याजोगं हॉटेल निवडा, म्हणजे दुसऱ्यांदा सोय होते. पाण्याची बाटली, कापडी पिशव्या, बंद बूट बरोबर असू द्या. सुटे पैसे आणि मोठे पैसे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय बहुतेक सगळीकडे झाली आहे, पण गर्दीत रेंज जाते, म्हणून थोडी रोकड हवी. पाठीवर गाठोडं घेतलेला हमाल किंवा भरलेली हातगाडी आली की बाजूला व्हा. या बाजाराचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर चालतो आणि उतारावर त्यांना थांबता येत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त मागितलं, वजनात फसवलं, तर आधी दुकानातच बोला. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तक्रारीला बिलाचा फोटो लागतो.

मी सांगितल्या त्या गल्ल्या थोड्या आहेत. दिवाळीच्या पणत्यांना धारावीचा कुंभारवाडा, आकाशकंदिलाला माहीमची कंदील गल्ली, फिल्टर कॉफीला आणि केळीच्या पानांना माटुंगा, हे तर राहूनच गेलं. तुमच्या कामाची गल्ली शोधायची असेल तर त्या कामातल्या माणसाला विचारा. शिंप्याला विचारा की अस्तर आणि बटणं कुठून आणतोस, वायरमनला विचारा की स्विच कुठल्या रस्त्यावरून घेतोस, केटरिंगवाल्याला विचारा की काजू कुठल्या पेढीवरचा. तो सहसा दुकानाचं नाव सांगणार नाही, गल्लीचं सांगेल. ते नाव लिहून घ्या, तिथली सुट्टी कुठल्या वारी असते तेही त्यालाच विचारा आणि मधल्या वारी सकाळी निघा.